पेपरात लाव्हा, देवळात परशुराम?

हर्णैवाला: काल मुलीचा भूगोल घेत होतो. पुस्तकात कोकण लाव्हाच्या थरांतून झालेलं, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी. ओटीवरून आई म्हणाली, "अगो, परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला, म्हणून आपण इथे." मी म्हटलं, पेपरात लाव्हा लिही, चिपळूणला देवळात गेलीस की हात जोड. "मग बाबा, खरं कुठलं?" मी पेन्सिलीला टोक काढत बसलो. तुम्ही काय सांगितलं असतंत?

कातळावरचा: आजी बरोबर. आमच्या किनाऱ्यावर वाळू-शिंपल्यांचा घट्ट झालेला दगड आहे, आम्ही करळ म्हणतो. आता भरती पोचत नाही तिथेही सापडतो. समुद्र तिथे होता नि मागे गेला, हे दगडातच लिहिलंय. पूर्वजांनी पाहिलं ते कथेत ठेवलं.

तर्कट: करळ खरी, पण ती काही हजार वर्षांचीच. तेव्हा पाणी आजच्यापेक्षा थोडं वर होतं, एवढंच. त्याच्याही मागे जा. २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता, किनारा पार पश्चिमेला. म्हणजे पुढे समुद्राने जमीन दिली नाही, गिळली. आणि तुमच्या परड्यातला जांभा म्हणजे उन्हापावसात कुजलेला बेसॉल्ट, लाव्हाचाच दगड. त्यात एक शिंपला दाखवा, चिपळूणपर्यंत अनवाणी येतो. शिवाय गोव्यात हा बाण बाणावलीला पडतो आणि केरळात बाणाचा परशू होतो!

कातळावरचा: तुमचं विज्ञान तरी कुठे एका जागी आहे? शंभर वर्षांपूर्वी खंड सरकतात म्हणणाऱ्याला हसत होते.

तर्कट: हसत होते, मग पुरावे आले नि गप्प बसले. कथेत अशी दुरुस्ती कोण करू देईल?

माजघरातून: तुम्ही भांडा, पोरीचा प्रश्न तसाच राहिला. हर्णैवाले, हे दोन खण करू नका हो. पेपरात एक नि देवळात एक शिकवलं की पोर दोन्हीकडे खोटं बोलायला शिकतं. आमच्याकडे विहिरीसाठी कौल लावला होता. देवाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी पडली, म्हणजे होकार. खणली, कोरडी गेली. जांभ्यातून पाणी झिरपतं, खाली चिकणमातीचा थर असेल तर अडतं. आम्ही खणलं तिथे तो नव्हताच. मामंजी म्हणाले, "देवाला पाण्याचं विचारलं ही आपली चूक. त्याला माणसांचं विचारावं." दुसऱ्या विहिरीला भूजलाचा माणूस आणला. पाणी लागल्यावर पहिला नारळ मात्र देवळातच गेला, आणि तो मीच वाहिला.

तर्कट: मामंजींना नमस्कार. पण मग पाकळी उजवी का पडली?

माजघरातून: ओली होती, पडली.

कातळावरचा: हे जरा जास्तच झालं, वहिनी.

हर्णैवाला: मुलीला सगळं वाचून दाखवलं. वहीत लाव्हा लिहिलाय. आता आजीला विचारतेय, समुद्र हटला तेव्हा कोळी कुठे गेले? आईने अजून उत्तर दिलेलं नाही.