इचिनेशियाला पानंच पानं, कळीचा पत्ता नाही

घोडबंदर_नववा_मजला:
ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या बियांपासून इचिनेशिया परपुरियाची (जांभळट-गुलाबी फुलांचं शोभेचं झाड) तीन रोपं आहेत, १० इंची कुंड्यांत. पूर्वेची बाल्कनी, सकाळी साडेतीन तास ऊन. दर आठवड्याला १९-१९-१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देते. पानं हातभर, गर्द हिरवी, पण फेब्रुवारी आला तरी कळी नाही. खत बदलू का? आणि पावसाळ्यात ही जगतील का?

ऐरोली_गच्ची:
ताई, खताचा प्रश्नच नाही, रात्रीचा आहे. हे झाड उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळांवरचं. दिवस साधारण साडेतेरा-चौदा तासांचा झाला की ते फुलोऱ्यावर येतं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा आणि जूनमध्ये फार तर सव्वातेरा. म्हणून हिवाळाभर जमिनीलगत पानांचा झुबका करून ते बसून राहतं. यात रोपाचा काही दोष नाही. उलट, आधी छोटे दिवस आणि मग मोठे, हा क्रम त्याला मानवतो.

झाड खरं तर सलग अंधार किती वेळ राहतो ते मोजतं, म्हणून उपाय म्हणजे रात्र मधोमध उजेडाने तोडायची. ९ वॅटचा पिवळसर एलईडी बल्ब पानांच्या वर दीड-दोन फुटांवर टांगा, टायमर प्लग लावा आणि रात्री १० ते २ रोज चालू ठेवा. मध्ये खंड नको. इथे प्रखरतेपेक्षा वेळ महत्त्वाची, फक्त उजेड तिन्ही झुबक्यांवर पडला पाहिजे. दीड-दोन महिन्यांनी झुबक्याच्या मध्यातून खरखरीत केसाळ दांडा वर येतो आणि टोकाला चपट्या हिरव्या बटणासारखी कळी दिसते. तिथून फूल उघडायला आणखी तीनेक आठवडे. म्हणजे आत्ता सुरू केलंत तर मेमध्ये फूल. पुढच्या वर्षी डिसेंबरच्या मध्यापासूनच लावा, उन्हाचा तडाखा आणि पाऊस दोन्ही टळतील.

बल्ब लावला तरी दिवसाचं ऊन लागतंच. साडेतीन तास कमी पडतात, सहा तरी हवेत. सोसायटीने परवानगी दिली तर कुंड्या गच्चीवर न्या.

खारघर_माती:
बल्बचं बरोबर आहे, पण १९-१९-१९ आधी थांबवा. दर आठवड्याच्या नत्राने दांडे लुसलुशीत होतात आणि फुलाच्या वजनाने आडवे पडतात. महिन्यातून एकदा कुंडीमागे मूठभर गांडूळखत पुरे.

पावसाळ्यात रोपं मरतात ती पाण्याने कमी, गड्डा सतत ओला राहिल्याने जास्त. पानं जिथून फुटतात तो मातीच्या तोंडाशी असलेला भाग म्हणजे गड्डा. नर्सरीतली नुसती लाल माती पावसात चिकट होऊन बसते. मी म्हणेन दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत आणि दोन भाग भरड वाळू किंवा विटांचा चुरा. कुंडी १२ इंची घ्या. लावताना गड्डा मातीच्या वर अर्धा इंच राहू द्या. खालची ताटली काढा, कुंडी दोन विटांवर ठेवा. जूनच्या पहिल्या सरीआधी ती पत्र्याखाली किंवा स्लॅबच्या आत सरकवा आणि वरची दोन इंच माती कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका.

पानं भर दुपारी नव्हे, सकाळीच, ओल्या मातीतही मान टाकू लागली की गड्डा बोटाने दाबून पाहा. टणक असेल तर जीव आहे. बोट आत रुतलं, तपकिरी पाणी आलं आणि कुजका वास असेल तर ते रोप माती-मुळांसकट फेका. ती माती दुसऱ्या कुंडीत मुळीच वापरू नका.

घोडबंदर_नववा_मजला:
टायमर आजच आणते. पानांमागे पांढरा कापूस दिसतोय, तो मिलीबगच (पिठ्या ढेकूण) ना?

ऐरोली_गच्ची:
हो. जुन्या टूथब्रशने आधी पुसून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली नीमतेल आणि १ मिली भांडी घासायचं लिक्विड घुसळून संध्याकाळी पानांच्या मागून फवारा, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. मुंग्यांची रांगही शोधा. त्या आहेत तोवर मिलीबग परत येणार.