गँगची खोली लेआउटवर कशी बसवायची? (एचओ म्हणजे 1:87 माप, मिरज-कोल्हापूर लाईन)

रुळवेडा_शाहूपुरी: नमस्कार मंडळी, घरी माळ्यावर सहा बाय अडीच फुटांचा मॉडेल रेल्वेचा लेआउट चालू केलाय, रुकडी-हातकणंगले पट्टा डोळ्यापुढं ठेवून. पंचगंगेचा पूल आणि स्टेशन झालं, आता लाईनीची देखभाल करणाऱ्या गँगची खोली करायचीय. नेटवर मिळतात ते सगळे प्लॅन अमेरिकेतले, फळ्यांच्या भिंती, आत मोटारकार (गँगची रुळावरून चालणारी छोटी गाडी) ठेवायला मोठा दरवाजा, आपल्याकडं तसं कुठं दिसतं? मला काळ्या दगडाची कौलारू खोली पाहिजे, मीटरगेजच्या (दोन रुळांत एक मीटर अंतर) काळातली. कार्डशीटची एक करून बघितली तर स्टेशनपेक्षा थोराड दिसायला लागली. मापं कशी धरू?

मिरज_लूप: भावा, आधी दरवाजा मोज. सात फुटी दरवाजा 1:87 मध्ये 24-25 मिमी येतो, तुझा नक्की त्याच्यापेक्षा उंच झाला असणार. खोली 12 बाय 10 फुटांची धरलीस तर 42 बाय 35 मिमी, म्हणजे जवळपास काडेपेटीएवढी, त्याच्यावर जाऊ नको. मंगलोरी कौल रुंदीला 3 मिमीच्या आत बसतं, एकेक कापत बसण्यापेक्षा बारीक नाळीचा पुठ्ठा घे, वरचा कागद ओला करून सोलून काढ आणि गेरूच्या रंगात थोडा काळा मिसळून मार, एकसारखा लाल अजिबात नको.
आणि मीटरगेज म्हणतोस तर रूळ कुठले टाकलेस? ही लाईन 1891 ला मीटरगेज म्हणून सुरू झाली, 1971 ला ब्रॉडगेज झाली. एचओचा नेहमीचा 16.5 मिमी ट्रॅक युरोप-अमेरिकेच्या स्टँडर्ड गेजचा असतो, मीटरगेजला 12 मिमी लागतो. आपलं ब्रॉडगेज करायचं तर 19 च्या पुढं जातं, म्हणून बहुतेक जण 16.5 वरच भागवतात.

मुकादमाचा_पोरगा: वडील गँगमध्ये मुकादम होते म्हणून सांगतो, खोली नुसती उभी केली तर ती कुणाच्याही रानातली खोली वाटणार. ती रेल्वेची दिसते ती पुढच्या अंगणामुळं. दरवाजा रुळाकडं तोंड करून ठेवा. भिंतीला टेकवून बीटर (स्लीपरखाली खडी ठोकायचं हत्यार), पहारी, खडी ओढायचे फावडे, बसायला जुना लाकडी स्लीपर दोन दगडांवर आडवा टाकलेला, सावलीत पाण्याचा माठ. आमच्याकडं बीटरचे दांडे हात लागून लागून इतके गुळगुळीत झालेले की उन्हात चमकायचे, आणि आत गेलं की रॉकेल आणि ग्रीसचा वास. लाल-हिरवे बावटे दाराच्या मागच्या खुंटीला. हे सगळं दाखवायचं तर दार अर्धं उघडं ठेवा.
कीमन, म्हणजे रोज लाईन तपासत चालणारा गँगमधला माणूस, विसरू नका. एकटा माणूस, खांद्यावर हातोडा, जाताना एक रूळ बघत जायचा आणि येताना दुसरा. तो लाईनीवर पाहिजेच, त्याच्याशिवाय त्या खोलीला अर्थ नाही असं मला वाटतं.
ट्रॉली दाखवणार असाल तर रुळाला काटकोनात दोन रुळाचे तुकडे टाका, गाडी आली की ट्रॉलीमन ट्रॉली उचलून तिथं ठेवायचे. मोटारकारसाठी अमेरिकेतसुद्धा अशीच जागा असायची, तेवढं त्या प्लॅनमधलं घ्या.

रुळवेडा_शाहूपुरी: काका, तुम्ही लिहिलेलं वाचून केलेली खोली काढून टाकली, परत पहिल्यापासून करायलोय. 12 मिमी ट्रॅक पण बघतो, पूल नवा करायला लागला तरी चालंल. फक्त बीटर एवढा बारीक कशाचा करू? अगरबत्तीची काडी लई जाड पडते.

मिरज_लूप: फोनच्या जुन्या वायरीतली तांब्याची तार, अर्धा मिमीची. 10 मिमी तुकडा काप, दुसरा 5-6 मिमीचा पक्कडीनं चेपून डोकं म्हणून आडवा चिकटव. दांडा पॉलिश पेपरनं घासून तपकिरी रंगव, डोकं काळं.

मुकादमाचा_पोरगा: डोकं पूर्ण काळं नको. खडीवर आपटणारं टोक घासून पांढरं पडलेलं असतं.