जँगोत क्वेरीचे नियम ‘गेट_क्वेरीसेट’मध्येच हवेत का?

धागाकर्ता: जँगो या पायथॉनमधल्या वेब फ्रेमवर्कमध्ये क्लास-बेस्ड व्ह्यू (वेब रिक्वेस्टला उत्तर देणारा, क्लास म्हणून लिहिलेला कोड) १.३ या आवृत्तीत, २०११ साली आले. तरी क्वेरी (डेटाबेसकडे नोंदींची मागणी) कुठे बदलायची यावर कोड रिव्ह्यूत अजून वाद होतात. माझं मत: ‘गेट_क्वेरीसेट’ (व्ह्यूला ही क्वेरी देणारी मेथड) ओव्हरराइड करा, म्हणजे आपल्या क्लासमध्ये नव्याने लिहा. लिस्टव्ह्यू, डिटेलव्ह्यू, अपडेटव्ह्यू, डिलीटव्ह्यू सगळे रेकॉर्ड तिथूनच घेतात. लॉगिन केलेल्या यूजरचा फिल्टर तिथे लावला, की यूआरएलमध्ये दुसऱ्याचा आयडी टाकणाऱ्याला सरळ ४०४ (‘सापडलं नाही’) मिळतो. वेगळी तपासणी लिहायची गरज नाही.

प्रतिसाद १: सहमत नाही. पाच व्ह्यूत तोच फिल्टर लिहिला की सहाव्यात राहतो. आमच्याकडे असंच झालं. स्क्रीनवर सगळं बरोबर, पण सीएसव्ही एक्स्पोर्टमधून इतरांच्याही नोंदी बाहेर पडल्या, कारण तो व्ह्यू थेट ‘ऑब्जेक्ट्स.ऑल’ (फिल्टरशिवाय सगळ्या नोंदी) वापरत होता. नियम मॉडेलच्या (डेटाबेसमधलं टेबल मांडणाऱ्या क्लासच्या) क्वेरीसेटवर मेथड म्हणून लिहा. अशा मेथड ‘ऑब्जेक्ट्स’वरून वापरता याव्यात म्हणून १.७ पासून ‘ॲज_मॅनेजर’ आहेच. तीच मेथड कमांडमध्ये, बॅकग्राउंड टास्कमध्ये, टेस्टमध्येही चालते.

धागाकर्ता: पण ‘ऑब्जेक्ट्स.ऑल’ लिहिणाऱ्याला तुमची मेथडही अडवत नाही! नियम मॉडेलवर असावा हे मान्य. तो लागू मात्र ‘गेट_क्वेरीसेट’मधून, एकाच मिक्सिनमधून (अनेक व्ह्यूंना जोडता येणाऱ्या छोट्या क्लासमधून) व्हावा.

प्रतिसाद २: साध्या व्ह्यूला क्लासवर थेट लिहिलेलं ‘क्वेरीसेट’ ॲट्रिब्यूट पुरतं. फक्त त्यात ‘टाइमझोन.नाऊ’ (आत्ताची वेळ) घालू नका. जँगो प्रत्येक रिक्वेस्टला त्या क्वेरीसेटची नवी प्रत काढतो, त्यामुळे नोंदी ताज्या येतात. वेळ मात्र मॉड्यूल लोड होताना एकदाच ठरते. सर्व्हर चार दिवस चालू असेल तर ‘मुदत न संपलेल्या नोंदी’ चार दिवसांपूर्वीच्या हिशेबाने निघतात, आणि लोकल मशीनवर सतत रीस्टार्ट होत असल्याने बग दिसतच नाही.

प्रतिसाद ३: मी तर फंक्शन व्ह्यूच लिहितो. तीन मिक्सिन एकावर एक चढले की कोणता फिल्टर कुठून आला हे शोधण्यात दुपार जाते. त्यात कुणी ‘सुपर’ (वरच्या क्लासची तीच मेथड) न बोलावता नवी क्वेरी परत केली, तर आधीच्या मिक्सिनचा फिल्टर मुकाट्याने गळतो. म्हणजे तुमची सुरक्षाच गेली. फंक्शनमधल्या दहा ओळी वरून खाली वाचता येतात.

धागाकर्ता: ‘सुपर’चा मुद्दा खरा आहे. तो गाळला की लिस्टव्ह्यूचं ‘ऑर्डरिंग’ (नोंदींचा क्रम) सुद्धा लागू होत नाही, आणि पेजिनेशनमध्ये एकच नोंद दोन पानांवर येऊ शकते. म्हणून ‘सुपर’शिवायचं ओव्हरराइड मी रिव्ह्यूत परत पाठवतो. ‘सिलेक्ट_रिलेटेड’ (जोडलेल्या टेबलचा डेटा त्याच क्वेरीत आणणं) मात्र व्ह्यूतच हवं. कोणत्या टेम्प्लेटला कोणता जोडलेला डेटा लागतो, हे मॉडेलला कुठून कळणार?

प्रतिसाद १: ‘सिलेक्ट_रिलेटेड’बद्दल एकमत. मालकीच्या फिल्टरबद्दल अजूनही नाही.