‘व्हॉल्व्ह पास झाला’ म्हणजे नेमकं काय? सेफ्टी, रिलीफ आणि पीआरव्ही

विचारणा

साखर कारखान्याच्या बॉयलर विभागात नव्याने लागलेल्या मुलांसाठी मराठीत कार्यपुस्तिका लिहिते आहे. मूळ मजकुरात सेफ्टी व्हॉल्व्ह, रिलीफ व्हॉल्व्ह आणि सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह असे तीन शब्द येतात. तिन्हींना ‘सुरक्षा झडप’ म्हटलं तर चालेल का? दुसरं, फिटर मंडळींच्या तोंडी ‘सेफ्टी उडाली’, ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ अशी वाक्यं असतात. ती पुस्तिकेत घ्यावीत का?

प्रतिसाद

‘झडप’ चांगला रुळलेला शब्द आहे, हृदयाची झडप आपण सगळे शाळेत शिकलो. बॉयलरचं शासकीय खातं स्वतःला ‘बाष्पके संचालनालय’ म्हणवतं. मग ‘सुरक्षा झडप’ आणि ‘दाबमोचक झडप’ म्हणायला काय हरकत आहे? पुस्तिका मराठी आहे तर ती पुरती मराठी असावी.

प्रतिसाद

ताई, मी बॉयलर आणि प्रेशर व्हेसलच्या देखभालीत आयुष्य काढलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

झडप म्हणा किंवा व्हॉल्व्ह म्हणा, मुलं दोन्ही समजून घेतील. पण तिन्हींना एकच शब्द देऊ नका, कारण त्यांची वागणूक वेगळी आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह वाफ, हवा आणि वायूसाठी असतो. दाब सेट प्रेशरला (व्हॉल्व्ह उघडण्यासाठी ठरवलेल्या दाबाला) पोचला की डिस्क, म्हणजे आतली चकती, सीटवरून (तिच्या बसण्याच्या जागेवरून) किंचित सुटते, वाफ डिस्कच्या कडेखालच्या पोकळीत शिरते, तिला ढकलायला जास्त क्षेत्रफळ मिळतं आणि डिस्क झटक्यात वर जाते. रिलीफ व्हॉल्व्ह द्रवासाठी. तिथे झटका नसतो; दाब वाढेल तसा तो उघडत जातो. सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह दोन्हीकडे चालतो. वाफेचा सेफ्टी हळूहळू उघडताना दिसला तर ती बिघाडाची खूण आहे, हे मुलाला नावावरूनच उमगलं पाहिजे. माझ्या मते ही तीन नावं देवनागरीत आहेत तशी ठेवा आणि प्रत्येकाखाली दोन वाक्यांत वागणूक लिहा.

खरी काळजी मला वेगळ्याच शब्दांची वाटते.

पहिला शब्द ‘पीआरव्ही’. डिझाइन ऑफिसात त्याचा अर्थ प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह. आपल्याकडच्या बॉयलर हाउसमध्ये मात्र पीआरव्ही म्हटलं की बहुतेकांना प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह आठवतो, म्हणजे मुख्य लाइनची दहा किलोची (दर चौरस सेंटिमीटरला दहा किलो दाबाची) वाफ प्रक्रियेसाठी तीन किलोवर आणणारा. रिड्यूसिंग व्हॉल्व्ह पुढच्या लाइनचा दाब ठरलेल्या पातळीला धरून ठेवतो, रिलीफ व्हॉल्व्ह दाब हाताबाहेर गेल्यावर वाफ बाहेर सोडतो. दोन्ही बहुतेक वेळा हाकेच्या अंतरावर असतात, कारण रिड्यूसिंग व्हॉल्व्ह उघडाच अडकला तर कमी दाबाच्या लाइनला वाचवायला त्याच्या पुढे सेफ्टी बसवावाच लागतो. ‘पीआरव्ही काढून सर्व्हिसिंगला पाठवा’ ही चिठ्ठी तिथे दोन माणसं दोन प्रकारे वाचतील. पुस्तिकेत हे लघुरूप कुठेच येऊ देऊ नका.

दुसरा ‘ब्लोडाउन’. बॉयलर अटेंडंटच्या लेखी ब्लोडाउन म्हणजे बॉयलरच्या तळाचं क्षारयुक्त पाणी सोडणं. सेफ्टीच्या बाबतीत ब्लोडाउन म्हणजे उघडण्याचा दाब आणि परत बसण्याचा दाब यांतला फरक. आपल्याकडच्या पॅकेज (जोडून तयार आलेल्या) बॉयलरवर १०.५४ किलो हा आकडा फार दिसतो (दर चौरस इंचाला जुन्या १५० पौंडांचं ते रूपांतर). तिथे ४ टक्के ब्लोडाउन असेल तर व्हॉल्व्ह साधारण १०.१ किलोला बसेल. या दुसऱ्या अर्थासाठी ‘बसण्याचा फरक’ असं साधं लिहावं. फिटर तसंही ‘व्हॉल्व्ह बसला’ असंच म्हणतो.

तिसरा तुमचा ‘पास’, आणि हा सगळ्यांत घातक. ‘व्हॉल्व्ह पास होतोय’ म्हणजे बंद असूनही सीटमधून गळतोय. ‘व्हॉल्व्ह पास झाला’ म्हणजे टेस्ट बेंचवर चाचणीत उतरला. लॉगबुकात घाईघाईने ‘सेफ्टी नं. २ पास’ एवढंच लिहिलं, तर पुढच्या पाळीच्या माणसाने काय समजायचं? तो निर्धास्त बसेल किंवा चांगला व्हॉल्व्ह उतरवेल. ‘गळतो’ आणि ‘चाचणीत उतरला’ हे शब्द सक्तीने वापरायला लावा. गळतीलाही मोजमाप आहे. एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) ५२७ मानकाप्रमाणे व्हॉल्व्हच्या इनलेटला सेट प्रेशरच्या ९० टक्के हवा देतात, आउटलेटहून काढलेली नळी पाण्यात बुडवतात आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते मोजतात. सेट प्रेशर साधारण ७० किलोपर्यंत असेल तर धातूच्या सीटला छोट्या ओरिफिससाठी (आतल्या भोकासाठी) जास्तीत जास्त ४० चालतात, मोठ्यासाठी २०. मऊ (रबरासारख्या) सीटला एकही नाही. तेव्हा नोंद ‘मिनिटाला १२ बुडबुडे’ अशी हवी.

विचारणारी

दादा, ‘उडाली’चं काय? मला तो शब्द आवडला होता.

प्रतिसाद

बोलताना खुशाल वापरा, मीही वापरतो. पण ‘बॉयलर उडाला’ म्हणजे स्फोट आणि ‘सेफ्टी उडाली’ म्हणजे यंत्रणेने तिचं काम केलं. नवा मुलगा दोन्हीला सारखाच घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पुढच्या वेळी सेफ्टी उडूच नये अशी तजवीज करायला बघतो. ही तजवीज जुनी आहे. १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिच इथे इंजिनिअर रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटला आणि चार माणसं गेली. इंजिनावर नेमलेला मुलगा सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून बसवून मासे पकडायला गेला होता. त्यानंतर ट्रेव्हिथिकने दोन सेफ्टी बसवायला सुरुवात केली, त्यातला एक चालकाच्या हाताला लागणार नाही असा. आज सेफ्टीच्या टोपीला तार आणि शिशाचं सील असतं ते याच कारणासाठी. म्हणून पुस्तिकेत ‘सेफ्टी उघडली’ लिहा, आणि लगेच पुढे लिहा की उघडणं हा दोष नाही, मात्र का उघडली याचा शोध घेतलाच पाहिजे.

‘गॅग’ हा शब्द मात्र ठेवा. हायड्रॉलिक टेस्टच्या (पाण्याने जास्त दाब देऊन केलेल्या चाचणीच्या) वेळी सेफ्टी उघडू नये म्हणून स्पिंडल (डिस्कवरचा दांडा) दाबून धरणारा तो स्क्रू. त्याला मराठी नाव शोधत बसू नका. ‘टेस्ट संपताच गॅग काढला, कोणी काढला, कोणी पाहिला’ असे तीन रकाने द्या.

देखभालीच्या प्रकरणात एक शब्द मी सुचवतो: ‘आल्या स्थितीतली चाचणी’. बंद काळात सेफ्टी उतरवून वर्कशॉपला आणला की पहिली ऊर्मी असते ती खोलून साफ करायची. तसं करू नये. आधी तो मळलेला, गंजलेला, जसा आला तसाच बेंचवर चढवून किती दाबाला उघडतो ते बघायचं. १०.५४ ला उघडायचा तो १२ ला उघडला, तर गेला हंगाम बॉयलर नेमक्या कशाच्या भरवशावर चालला ते कळतं आणि पुढच्या तपासणीची मुदत कमी करता येते. साफ केल्यावर ही माहिती कायमची जाते. मग खोलताना रिंग (सीटभोवतीची, फिरवून जुळवायची कडी) किती खाचांवर होती ते लिहून घ्या, कारण बसण्याचा दाब तिच्यावर ठरतो. नंतर सीट आणि डिस्कचं लॅपिंग (घासून सपाट करणं), स्प्रिंगची तपासणी, पुन्हा सेटिंग, सील. ने-आण उभीच करायची, फ्लँजवर झाकणं लावून. आडवा टाकून ट्रॉलीवरून खडखडत नेलेला नीट सेट केलेला व्हॉल्व्ह बसवल्यावर गळू लागला तर दोष लॅपिंगवाल्याचा नसतो.

प्रतिसाद

इन्स्ट्रुमेंटेशनच्या बाजूने एक भर. तुमच्या पुस्तिकेत कंट्रोल रूमच्या दिव्यांबद्दल लिहिताना ‘व्हॉल्व्ह बंद आहे’ आणि ‘व्हॉल्व्हला बंद होण्याचा हुकूम गेला आहे’ ही वाक्यं वेगळी ठेवा. २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात प्रेशरायझरवरचा (अणुभट्टीच्या पाण्याचा दाब राखणाऱ्या टाकीवरचा) रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला. पॅनेलवरचा दिवा विझला होता, पण तो दिवा सोलेनॉइडचा (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या विद्युतचुंबकाचा) विद्युतपुरवठा दाखवायचा. व्हॉल्व्ह खरोखर बसला की नाही हे नाही. चालकांनी विझलेला दिवा ‘बंद’ असा वाचला. दोन तासांहून अधिक वेळ शीतक पाणी निसटत राहिलं आणि गाभ्याचा मोठा भाग वितळला.

आणि ‘दाबमुक्ती’, ‘दाबमोचक’ या शब्दांबद्दल: वाईट नाहीत, पण सुटलेलं कुठे जातं हे त्यांत येत नाही. १९८४ मध्ये भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीवरचा व्हॉल्व्ह उघडला होता. टाकी फुटली नाही. फ्लेअरची (वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची) लाइन मात्र दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेली होती आणि स्क्रबरला (वायू धुऊन निष्प्रभ करणाऱ्या यंत्रणेला) तो लोंढा पेलण्यासारखा नव्हता. विषारी वायू शहरावर गेला. म्हणून प्रत्येक व्हॉल्व्हच्या पानावर ‘सुटलेलं कुठे जातं’ असा रकाना असू द्या. बॉयलरच्या बाबतीतही तेच: डिस्चार्ज पाइपाचं तोंड कुठे आहे, त्याला ड्रेन आहे का, पाइपाचं वजन व्हॉल्व्हवर तर येत नाही ना.

विचारणारी

सगळ्यांचे आभार. लॉगबुकासाठी असं वाक्य केलं आहे: ‘सेफ्टी नं. २, १०.५ किलोला उघडली, लगेच बसली, गळत नाही.’ चालेल?

प्रतिसाद

‘लगेच’ काढा, तिथे आकडा आणि वेळ घाला. १०.१ ला बसली की ९.२ ला, यात रिंगच्या सेटिंगचा फरक आहे. ‘गळत नाही’ हे उघडल्यानंतर किती वेळाने पाहिलं तेही लिहा. सीटवर कचरा अडकला असेल तर गळती थोड्या वेळाने जाणवते. आणि ओळीच्या शेवटी कारणाची जागा ठेवा: ‘मिलने वाफ घेणं अचानक थांबवलं’ किंवा जे असेल ते. ती जागा रिकामी दिसली तर पाळी बदलताना सही करू नये, असा नियम तुमच्या बॉयलर इंजिनिअरकडून मंजूर करून घ्या.