घणसोलीत टू बीएचके घेऊन खोली-खोलीने भाड्याने द्यायचाय. हप्ता भाड्यातून सुटेल का?

कळव्याचा_मी

नमस्कार मंडळी. वय ३९, नोकरी महापेला, राहायला कळव्यात स्वतःचा वन बीएचके. त्याचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं आणि पेढे वाटून झाल्याबरोबर डोक्यात दुसऱ्या घराचा किडा शिरला.

घणसोलीत एक टू बीएचके बघितलाय. सिडकोच्या (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाच्या) प्लॉटवरची जुनी सोसायटी, चौथा मजला, लिफ्ट आहे, स्टेशनपासून चालत बारा मिनिटं. मालक ८२ लाखांवर अडून बसलाय. ब्रोकरचं म्हणणं, फॅमिलीला दिलंत तर २६ हजार येतील, पण कंपनीतल्या पोरांना कॉट बेसिसवर दिलंत तर ५१. दोन बेडरूम आणि हॉल, प्रत्येकात दोघं, म्हणजे सहा जण, माणशी साडेआठ हजार.

बँक ८० टक्के देते, म्हणजे ६५ लाख ६० हजार. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ५७ हजार. भाडं ५१ आलं तर खिशाला चाट फक्त सहा हजारांची. हाताशी २५ लाख आहेत, त्यातली सात लाखांची एफडी बायकोची. ती म्हणते, हिशोब चांगलाय, पण तू तो ब्रोकरच्या ऑफिसात बसून केलायस.

कोणी असं प्रत्यक्ष चालवलंय का? पीजी चालवणाऱ्या कंपन्यांचं नकोय, आपल्यासारख्या एखाद-दुसऱ्या घरवाल्याचं सांगा.

हिशोबनीस

वहिनींचा आक्षेप मान्य. हप्त्याकडे नंतर येऊ, आधी ते २५ लाख मोजा. ८२ मधून कर्ज वजा जाता तुमचे १६ लाख ४० हजार. नवी मुंबईत स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ७४ हजार, आणि ही बँक कर्जात धरत नाही. नोंदणी फी ३० हजार. ब्रोकर एक टक्का घेणार, ८२ हजार. झाले २३ लाख २६ हजार. सिडकोचं हस्तांतरण शुल्क अजून धरलेलंच नाही, सोसायटीचं वेगळं. उरलं ते पावणेदोन लाखाच्या आत, आणि त्यात तुम्ही सहा पलंग, सहा गाद्या, कपाटं, फ्रिज आणि रंगकाम बसवणार?

खरेदी एकट्या वहिनींच्या नावावर केलीत तर ड्यूटीत एक टक्का सूट आहे. पण मग मालकी त्यांची, आणि हप्ते तुम्ही भरलेत तरी व्याजाची वजावट तुम्हाला नाही. घर ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस (त्याच्या वतीने सरकारला भरायचा कर) कापून भरायची जबाबदारी तुमची. हे विसरणारे दर वर्षी भेटतात.

आता टॅक्स. भाड्यातून महापालिकेचा कर वजा, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट, मग व्याज. पहिल्या वर्षी तुमचं व्याजच साडेपाच लाखांच्या आसपास जाईल. त्यामुळे भाड्यावर कर बहुतेक लागणार नाही, पण जो तोटा दिसेल तो नव्या करप्रणालीत पगारातून वजा होत नाही. जुन्यात होतो, तोही वर्षाला २ लाखांपर्यंतच. 'दुसऱ्या घराने टॅक्स वाचतो' असं ऑफिसात कोणी सांगत असेल तर आधी त्याला विचारा, बाबा तू कुठल्या रेजीममध्ये आहेस?

आणि व्याजदर फ्लोटिंग, म्हणजे बदलता आहे हे उशाशी ठेवा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दराने उधार देते तो दर, ४ टक्क्यांवरून साडेसहावर नेला. माझं कासारवडवलीच्या वन बीएचकेचं कर्ज २०२१ चं, स्वस्ताईतलं. हप्ता तोच ठेवला तर मुदत २० वर्षांवरून तिशीच्या पुढे जायला लागली, शेवटी हप्ता वाढवून घेतला. भाडेकरूला मात्र मी 'रेपो वाढला, भाडं वाढव' म्हणू शकलो नाही.

ऐरोलीची_काकू

कळवेकर, मी हे चालवते. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो, आमच्याच डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर टू बीएचके आहे. कर्ज कधीच फिटलेलं. ह्यांना रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती, रिकामं बसवेना, म्हणून सुरू केलं. वही ठेवलीय, त्यातलंच सांगते.

पहिलं वर्ष तुमच्या ब्रोकरच्या गणिताने केलं. सहा मुलं, माणशी आठ हजार, सगळं धरून. बारा महिने गुणिले सहा म्हणजे ७२ खाट-महिने. त्यातले भरले ६१. एकाची पुण्याला बदली झाली, दोघं दिवाळीला गावी गेले आणि परत आलेच नाहीत, एकाचं लग्न ठरलं. खाट रिकामी झाली की लगेच भरत नाही, कारण येणारा मुलगा खाट बघत नाही, शेजारच्या खाटेवर कोण आहे ते बघतो. वर्षाचे आले ४ लाख ८८ हजार, महिन्याचे ४० हजार ६००. गेले किती बघा: लाइट सरासरी ५,२००, इंटरनेट ९००, गॅस १,१००, झाडू-भांड्याच्या मावशी ३,५००, सोसायटीचा मेंटेनन्स ४,२००, नळ-बल्ब-कडी-कोयंडा १,६००. साडेसोळा हजार. हातात राहिले २४ हजार. तेच घर तेव्हा फॅमिलीला २६ ला जात होतं, मेंटेनन्स जाऊन बावीसच्या आसपास पडले असते. म्हणजे वर्षभर मी आणि हे जे पळत होतो ते महिन्याला दोन हजारांसाठी.

पळणं काय असतं तेही ऐका. सकाळी साडेसातला दोन बाथरूमना सहा माणसं. गीझर पंधरा लिटरचा. तिसरा माणूस गार पाण्याने अंघोळ करून खाली येऊन मला सांगणार, काकू, गीझर बिघडलाय. गीझर बिघडलेला नसायचा, संपलेला असायचा. फ्रिजमध्ये दुधाच्या सहा पिशव्या, प्रत्येकीवर पेनाने नाव, आणि एकाने तर आपल्या पिशवीवर दूध कुठपर्यंत आहे त्याची रेघ मारून ठेवलेली. एकदा रात्री पावणेबाराला सगळं घर अंधारात. दोन एसी, गीझर आणि कोणीतरी इंडक्शनवर मॅगी करत होता. हे टॉर्च घेऊन वर, एमसीबी चढवला, दहा मिनिटांत परत खाली. खटके काढून बघितलं तर मूळ वायरिंग वीस वर्षांपूर्वीचं, एसीला वेगळी लाइनच नाही. तो खर्च वेगळा, वरच्या साडेसोळात धरलेला नाही.

लाइटबिलाची एक गोम आहे, ती कोणी सांगत नाही. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, १०० च्या वर वेगळा, ३०० च्या वर वेगळा, ५०० च्या वर आणखी. सहा माणसांचे युनिट एकाच मीटरवर पडतात, त्यामुळे शेवटचे युनिट सगळ्यात महाग. 'लाइट आमच्याकडे' म्हटलंत की एसी १८ वर लावून अंगावर गोधडी घेतलीच म्हणून समजा. मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या वर्षी ह्यांनी चार पलंग विकले. मी भांडले, पण त्यांचं बरोबर निघालं. आता मास्टर बेडरूममध्ये बँकेत काम करणारी एक मुलगी, आत बाथरूम आहे, १५ हजार देते. दुसऱ्या बेडरूममध्ये लातूरच्या दोघी बहिणी, साडेआठ-साडेआठ. पलंग नवे घेतले, चांगले. हॉलमध्ये कोणी झोपत नाही, तिथे टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड. लाइट, गॅस, नेट, मावशी सगळं त्या आपापसात वाटून घेतात. दोन्ही बेडरूमच्या एसीला मी छोटे सबमीटर बसवलेत, तेवढ्यावरून भांडण मिटतं. आले ३२ हजार. मेंटेनन्स आणि दुरुस्ती पाच हजार. राहिले २७. तीन माणसं कमी झाली आणि तीन हजार वाढले. बहिणींना तिसरं वर्ष लागलंय, रिकामा महिना अजून एकही नाही.

कागदपत्रात आळस करू नका. प्रत्येक खोलीचं वेगळं लिव्ह अँड लायसन्स (भाड्याचं अॅग्रीमेंट), आणि नोंदवलेलं. सगळ्यांची नावं एकाच अॅग्रीमेंटमध्ये घातलीत तर एक जण गेला की सगळाच कागद लटकतो. पहिल्या वर्षी मी तेच केलं होतं. अकरा महिन्यांच्या अॅग्रीमेंटला स्टॅम्प पाचशेच्या आत-बाहेर, नोंदणी फी हजार, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. नोंदवायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. भाडे नियंत्रण कायदा १९९९ मध्ये त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड लिहिलाय. आणि कागद नोंदवलेला नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, ते जास्त महागात पडतं. पोलिसांकडे ऑनलाइन माहिती भरायची, फोटोसकट. एक मुलगा दोन महिन्यांचं भाडं बुडवून रात्रीत बॅग घेऊन गेला होता. तेव्हापासून डिपॉझिट तीन महिन्यांचं.

तुमचा हप्ता ५७ आणि माझे हातात २७. मला कर्ज नाही म्हणून हे परवडतं.

सोसायटीचा_सेक्रेटरी

काकूंची सोसायटी नशीबवान. मी वाशीतला. भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवायचं आणि अॅग्रीमेंटची प्रत द्यायची. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते तो आकार, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांच्या वर लावता येत नाही, २००१ पासून शासनाचा आदेश आहे. पूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के नाही, नुसत्या सर्व्हिस चार्जेसच्या. 'बॅचलरना डबल' असा ठराव आमच्याकडे एकाने आणला होता, मीच पाडला.

पण आमचीही बाजू ऐका. एका फ्लॅटला पार्किंग एक आणि खाली बाइक सहा. टँकर आला की त्याचे पैसे फ्लॅटमागे समान, चार माणसांचं घर आणि सहा पोरांचं घर दोघांना तेवढेच. एका मालकाने हॉलमध्ये प्लायचं पार्टिशन मारून तिसरी खोली काढली, खिडकी गेली पार्टिशनच्या पलीकडे. अलीकडचा मुलगा दिवसाही लाइट लावून बसायचा. तो मालक स्वतः कधी बघायला आला नाही, भाडं ऑनलाइन यायचं. तुम्ही कळव्याहून येऊन-जाऊन करणार असाल तर मधला माणूस कोण, ते आधी ठरवा. मावशींकडे चावी ठेवून चालत नाही.

नाईटशिफ्टवाला

भाडेकरूच्या बाजूने दोन ओळी. घणसोली-ऐरोली मिळून सहा वर्षांत पाच घरं बदलली. जिथे अडीच वर्षं टिकलो तिथे भाडं पाचशे जास्त होतं, पण खिडकीला जाड पडदा होता आणि खोलीच्या दाराला स्वतःचं लॅच. मी सकाळी नऊला झोपतो, त्या घरमालकाने दिवसा शिफ्टवाला माझ्या खोलीत टाकला नाही, दुसरा नाईटवाला शोधून आणला. बाकी चार ठिकाणी निघताना डिपॉझिटसाठी भांडलो. एकाने रंगाचे बारा हजार कापले आणि नंतरच्या पोराला विचारलं तर रंग लावलेलाच नव्हता.

कळव्याचा_मी

सगळ्यांचे आभार. रात्री बायकोला वाचून दाखवलं, ती काही बोलली नाही, फक्त एफडीची पावती कपाटात ठेवून आली.

काकूंचे २७ धरले तर मला महिन्याला ३० हजार घालावे लागतील. पगारातून निघतात, पण मग कळव्याचं कर्ज फिटल्याचा उपयोग काय? मालकाला विचारलं, ७४ पर्यंत येतो म्हणाला. तरी हप्ता ५१ हजारांवर जातो. दरम्यान ब्रोकरने तळवली गावठाणात एक घर दाखवलं, ३८ लाख, 'विमानतळ सुरू झाल्यापासून रेट चढतायत, आठवड्यात निर्णय घ्या' म्हणे. ते कसं?

हिशोबनीस

ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे का विचारा, आणि आपल्या बँकेच्या नावासकट विचारा की तिथे कर्ज देणार का. गावठाणातल्या बहुतेक बिल्डिंगांना ओसी नसते आणि तिथे बँक येत नाही. ३८ लाख रोखीत घालायचे असतील तर मला फोनच करू नका.

ऐरोलीची_काकू

गावठाणाचं राहू द्या. माझं ऐकाल तर टू बीएचके सोडा आणि वन बीएचके बघा. भाडेकरू दोनच, दोघीही ओळखीतून. घरातले पैसे जास्त घाला, कर्ज एवढंच घ्या की एक माणूस तीन महिने नसला तरी हप्ता चुकणार नाही. सहा हप्ते बाजूला ठेवून मगच सही. सेक्टर ५ मध्ये आमच्या ओळखीच्यांचा एक वन बीएचके निघतोय, अजून ब्रोकरकडे गेलेला नाही.

कळव्याचा_मी

काकू, रविवारी बघायला येऊ? संध्याकाळी चारला चालेल?

ऐरोलीची_काकू

चारला नको, चारला सगळीच घरं बरी दिसतात. सकाळी साडेसातला या, पाणी असतं तेव्हा. दोन्ही नळ एकदम सोडून बघायचेत. आणि टेस्टर आणा, ह्यांचा सापडत नाहीये. बायकोलाही घेऊन या, चहा आमच्याकडे.