पावसापेक्षा एप्रिलची धास्ती जास्त

फ्रान्सच्या पूर्वेकडच्या अल्सास या द्राक्षबागांच्या भागात एवढी थंडी म्हणजे पाऊसही धो धो असणार असं काहींना वाटतं, ते नाही पटलं. पश्चिमेचे ढग वोज डोंगर अडवतो, त्यामुळे तिथलं कोलमार फ्रान्समधल्या सगळ्यात कोरड्या शहरांपैकी एक आहे, वर्षाला जेमतेम ६०० मिमीच्या आसपास. खरी धास्ती एप्रिलची, द्राक्षवेलीचे डोळे फुटले आणि रात्री पारा शून्याखाली गेला की कोवळे कोंब सकाळी चहाच्या चोथ्यासारखे काळे, २०१७ ला तसंच झालेलं. त्यात गेवुर्झट्रामिनर हा द्राक्षाचा वाण लवकर फुटतो म्हणून थंडीत आधी तोच सापडतो, रिसलिंग हा दुसरा वाण जरा उशिरा फुटतो.

आमच्या नाशकात छाटणी वर्षातून दोनदा, तिकडे एकदाच, हिवाळ्यात. आणि हो, क्रेमाँची (तिकडच्या फेसाळ वाइनची) द्राक्षं हातानेच तोडायची असा नियमच आहे, मशीन चालत नाही.