घरच्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर: उपयोग की नुसता पसारा?

मुठेकाठी

गेल्या महिन्यात मावशीकडे कोथरूडला गेलो होतो. दीड वर्षापूर्वी घेतलेला ५.१ चा सेट (पाच स्पीकर आणि खालचे, घुमणारे सूर वाजवणारा एक सबवूफर) तिने विकायला काढला होता. तक्रार एकच: "सिनेमातली माणसं काय बोलतात ते कळतच नाही, नुसती ढणढण." बसून नीट ऐकलं, तर संवाद येत होते, पण मागच्या डाव्या स्पीकरमधून. तो स्पीकर होता पुस्तकांच्या कपाटावर, तोंड भिंतीकडे. कॉम्प्युटरच्या मागे काळ्या आणि नारिंगी पिनांची अदलाबदल झाली होती. बरोबर लावल्या, पाच मिनिटांचं काम. सेट आता घरातच राहणार आहे.

म्हणून माझं म्हणणं मांडतो. ५.१ बद्दल घरोघरी जी नाराजी ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा स्पीकरमध्ये नसून जोडणीत असतं. हिरवं भोक पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरचं, काळं मागच्या दोघांचं, नारिंगी मधल्या स्पीकरचं आणि सबवूफरचं. तीन तारा, प्रत्येकीत दोन चॅनल, म्हणजे दोन स्पीकरचे वेगवेगळे आवाज. सिनेमात संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरवर ठेवलेले असतात, त्यामुळे नारिंगी पिन चुकली की सिनेमा मुका होतो. मागे तीनच भोकं असली (हिरवं, निळं, गुलाबी), तरी लगेच निराश होऊ नका. अशा बऱ्याच मदरबोर्डांवर ड्रायव्हरच्या (आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या) पॅनलमधून निळं भोक मागच्या स्पीकरना आणि गुलाबी मधल्याला देता येतं. माइक मग पुढच्या बाजूच्या भोकात लावायचा.

पिना लावून झाल्या की विंडोजच्या जुन्या साउंड पॅनलमध्ये प्लेबॅक, तिथे आपलं आउटपुट निवडून कॉन्फिगर, मग ५.१, मग टेस्ट. एकेका स्पीकरमधून आवाज येतो. चित्रात जो स्पीकर उजळतो, तोच खोलीत वाजतोय का, एवढं बघायचं. हे न करता सेट विकू नका, अशी कळकळीची विनंती.

दोनच_पुरे

मावशींचं काम केलंत ते छान. पण निष्कर्ष पटला नाही. आपल्याकडे कॉम्प्युटर असतो दहा बाय बाराच्या खोलीत, टेबल एका भिंतीला, पलंग दुसऱ्या भिंतीला, मध्ये कपाट. ५.१ च्या मांडणीचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयटीयूचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं), त्यात पुढचे स्पीकर समोरच्या रेषेपासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर सांगितलेत. पाचही तुमच्यापासून सारख्याच अंतरावर. किती घरांत हे जमतं? तुमच्याच उदाहरणात मागचा स्पीकर कपाटावर, भिंतीकडे तोंड करून होता. पिन बरोबर लावली तरी तो तिथेच आहे ना?

त्याच पैशात दोन चांगले स्पीकर घ्या. स्वस्त सेटमध्ये पैसे पाच खोक्यांत आणि एका सबवूफरमध्ये वाटले जातात, मग प्रत्येकाच्या वाट्याला काय येणार? आणि दिवसभर आपण ऐकतो काय? गाणी, व्याख्यानं, मुलांचे क्लास. सगळं दोन चॅनलचं. माझ्या वडिलांचं जुनं नाट्यसंगीत तर एकाच चॅनलचं ध्वनिमुद्रण आहे. ते सहा ठिकाणांहून वाजवल्यावर गाणारा माणूस खोलीत कुठे उभा आहे, तेच कळेनासं होतं.

मुठेकाठी

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'स्पीकर फिल' नावाची सोय त्यासाठीच बंद ठेवायची. ती दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरमध्ये ओतते. बंद केली की गाणं पुढच्या दोघांवर आणि बऱ्याच सेटांत सबवूफरवरही वाजतं. म्हणजे गाण्यापुरता तुमचा २.१ चा सेट त्याच सेटमध्ये असतो.

अंशांबद्दल: मागचे स्पीकर अगदी पाठीमागे हवेत हा गैरसमज आहे. ११० अंश म्हणजे कानाच्या किंचित मागे, बाजूला. छोट्या खोलीत खुर्चीच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या थोडं वर, भिंतीवर लावता येतात. मावशीकडे आता तेच करायचंय.

रात्रपाळी

मी गेमसाठी ५.१ च्या बाजूने. मागून पाऊल वाजलं तर मागूनच ऐकू यावं, हे दोन स्पीकरमध्ये होत नाही. पण सरळ ऑप्टिकल केबल (आवाज प्रकाशातून नेणारी तार) टाका. एकच तार, रंगांची भानगड नाही. माझ्या डेकवर (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरवर) सिनेमा मस्त ५.१ वाजतो. फक्त गेममध्ये मागचे स्पीकर गप्प आहेत आणि टेस्टमध्येही दोनच दिसतात, ते ड्रायव्हर बदलून बघतोय.

सोल्डरची_वाफ

रात्रपाळी, ड्रायव्हर बदलत बसू नका, तुमची रात्र जाईल. हे ऑप्टिकलचं मूळचं बंधन आहे. त्या तारेतून साधा, न दाबलेला (कॉम्प्रेस न केलेला) आवाज दोनच चॅनलचा जातो. ५.१ जातो तो डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस या पद्धतींनी दाबलेला. सिनेमाच्या फाइलमध्ये तो दाबलेलाच असतो, प्लेअर तो जसाच्या तसा पुढे सरकवतो आणि डेक उलगडतो. गेमचा आवाज त्या क्षणी तयार होतो, त्याला कुणी दाबलेलंच नसतं. त्यासाठी साउंड कार्डात 'डॉल्बी डिजिटल लाइव्ह' किंवा 'डीटीएस कनेक्ट' असावं लागतं. ते नसेल तर एचडीएमआय वापरा, त्यातून न दाबलेले आठ चॅनल जातात. एवढंच की डेक एचडीएमआयने जोडला की कॉम्प्युटरला तो दुसरा मॉनिटर वाटतो आणि माउसचा बाण कधीकधी तिकडे निघून जातो. डिस्प्ले 'डुप्लिकेट' ठेवा.

टीव्हीमार्गे एआरसीने (टीव्हीतून एचडीएमआयनेच आवाज बाहेर नेण्याच्या सोयीने) आवाज नेणाऱ्यांनाही हाच अडथळा येतो. ईएआरसी, म्हणजे तिचीच सुधारित आवृत्ती, असेल तर येत नाही.

माझं मत विचाराल तर तीन तारांची जुनी पद्धत घरच्या कॉम्प्युटरला सगळ्यात सरळ. गेम, सिनेमा, गाणी, सगळ्याला चालते आणि कुठे बिघडलं ते बोट ठेवून सांगता येतं.

रात्रपाळी

तीन आठवडे मी यावर घालवलेत. आज एचडीएमआय टाकली, टेस्टमध्ये सहाच्या सहा वाजले. मनापासून धन्यवाद.

घटप्रभा

माझा प्रश्न वेगळा, पण इथेच विचारते. सगळं बरोबर लागलंय, टेस्ट पास होते, पण पाठीमागे सतत 'हूं' असा आवाज असतो. आवाज शून्यावर केला तरी तेवढाच. कुणी म्हणालं, पॉवर केबलची अर्थिंगची पिन काढून टाका.

सोल्डरची_वाफ

ताई, ती पिन अजिबात काढू नका. कॉम्प्युटरच्या आत कुठे विद्युतप्रवाह पत्र्याला लागला, तर तुमच्या हाताऐवजी जमिनीकडे जायला तीच एक वाट असते.

आधी कारण शोधू. कॉम्प्युटरकडून आलेल्या तिन्ही पिना काढा आणि हिरवी पिन चार्जरला न लावलेल्या मोबाइलला लावा. 'हूं' तसाच राहिला तर दोष स्पीकरच्या ॲम्प्लिफायरमध्ये. थांबला तर दोन अर्थिंगांमधून फिरणारा ५० हर्ट्झचा प्रवाह आहे. बऱ्याचदा केबल टीव्हीची तार कुठेतरी जोडलेली असते, तीही काढून ऐका. कॉम्प्युटर, मॉनिटर, स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. तरीही राहिला तर तारेच्या मध्ये बसणारा छोटा ग्राउंड लूप आयसोलेटर (हा फिरणारा प्रवाह तोडणारा) मिळतो. तुम्हाला तीन लागतील, प्रत्येक तारेला एक.

दोनच_पुरे

बघा, आता तीन आयसोलेटर! घटप्रभाताईंचा त्रास मोठा आहे, मी त्याला हलकं लेखत नाही. पण पसारा म्हणतो तो हाच. आणि शेजाऱ्यांचा विचार कुणी केलाय? सबवूफर जे सूर वाजवतो, त्यातल्या ८० हर्ट्झच्या लाटेची लांबीच चार मीटरच्या वर. आमच्या इमारतीत खोल्यांमधली भिंत चार इंची. वरच्या मजल्यावरचा सबवूफर माझ्या आईच्या पलंगाच्या पाटाला जाणवतो. तिची दुपारची झोप गेली. हे मी रागाने नाही, रोज सोसून सांगतोय.

मुठेकाठी

हे वाचून मी तुमच्या बाजूला एक पाऊल आलो. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर सगळ्यात जास्त घुमतो आणि लोक तो नेमका कोपऱ्यातच सारतात. आधी तो कोपऱ्यातून काढावा, खाली जाड रबर द्यावं आणि बटण निम्म्याखाली ठेवावं. जागा शोधायची तर सबवूफर खुर्चीवर ठेवून खर्जातल्या सुरांचं गाणं लावा आणि आपण जमिनीलगत फिरत ऐका. जिथे आवाज घुमत नाही आणि हरवतही नाही, तिथे सबवूफर. दुपारी दोन ते चार आणि रात्री दहानंतर तो बंदच असावा, यावर माझा काहीच वाद नाही.

पण मागचे स्पीकर मी सोडणार नाही. अंतर सारखं नाही ही अडचणही सुटते. मावशीकडे बाजूचे स्पीकर ७० सेंटीमीटरवर येतील, पुढचे १४० वर. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो, म्हणजे बाजूच्यांना दोन मिलिसेकंद उशीर दिला की हिशेब जुळला. इक्वलायझर एपीओ या फुकट प्रोग्रामात प्रत्येक चॅनलला वेगळा उशीर आणि वेगळा आवाज देता येतो.

घटप्रभा

मोबाइल लावल्यावर 'हूं' थांबला. मग केबल टीव्हीची तार काढली, तर कॉम्प्युटरवरही थांबला! ती तार कॉम्प्युटरमधल्या टीव्ही कार्डाला (कॉम्प्युटरवर टीव्ही बघायच्या कार्डाला) लावलेली होती आणि आम्ही ते कार्ड कधीच वापरत नाही. आता तार काढूनच ठेवली आहे. आयसोलेटर लागला नाही, दोनच_पुरे दादा.

दोनच_पुरे

छान झालं ताई. मी माझ्या दोन स्पीकरवर ठाम आहे, पण मुठेकाठी, भिंतीवर लावणारच असाल तर एक सांगतो. उजव्या बाजूला दार असेल तर तार उंबऱ्यावरून नेऊ नका, मावशी अडखळतील. चौकटीच्या वरून पट्टीतून न्या. आणि दोन्ही स्पीकरना लाल-काळी टोकं सारखीच लावलीत ना ते बघा. एक उलटं लागलं तर आवाज पोकळ येतो, टेस्ट मात्र पास होते, आणि मग ते शोधायला फार वेळ जातो.

मुठेकाठी

उजव्या बाजूला दारच आहे. रविवारी पट्टी घेऊन जातो.